टर्नटेबल आणि व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प कुरिअरने पाठवायचाय, कसे बांधू?

मंद्रसप्तक
मंडळी, बाबांचा थोरेन्स टीडी १६० टर्नटेबल (रेकॉर्ड वाजवायचं यंत्र) आणि त्यांचा व्हॉल्व्हचा, म्हणजे काचेच्या नळ्यांचा, अ‍ॅम्प धाकट्या भावाकडे पाठवायचे आहेत. सोबत घेऊन जाणं कुणालाच जमत नाहीये. मूळ खोके कधीच गेले. टर्नटेबल जरा उचलला तरी प्लॅटर (रेकॉर्ड ठेवायची फिरती तबकडी) स्प्रिंगांवर हेलकावतो, मला तर हात लावायचीही भीती वाटते. घरात बबल रॅपचा मोठा रोल आहे. तो सगळा गुंडाळून वर लाल अक्षरांत ‘नाजूक’ लिहिलं तर भागेल का?

बी-साइड
विमा काढाच, पण निव्वळ त्याच्या भरवशावर राहू नका. पॅकिंग कच्चं होतं म्हणून दावा नाकारला जाऊ शकतो. बांधताना प्रत्येक टप्प्याचे फोटो काढा, चालू स्थितीतला एक व्हिडिओही.

तारसोल्डर
ताई, नाही भागणार. मी हेच करून बसलोय, म्हणून सविस्तर लिहितो.

मी मागवलेला टर्नटेबल असाच बबल रॅपमध्ये गुंडाळून आला होता. खोक्यावर ओरखडासुद्धा नव्हता, पण हातात घेताच आतून खडखड ऐकू आली. प्लॅटर काढलाच नव्हता. वाटेत कधीतरी खोका आपटला, प्लॅटर उसळला आणि टोनआर्मवर, म्हणजे सुई धरणाऱ्या दांड्यावर, जाऊन बसला. सुईची दांडी मुळापासून गेलेली, झाकणाला कोपऱ्यापासून मधोमध तडा. बेअरिंगही दुखावलं होतं, ते मला प्लॅटर फिरवल्यावर कळलं. तो आवाज अजून कानात आहे. खोका थांबतो, आतलं वजन थांबत नाही, सगळं नुकसान तिथून होतं. ‘नाजूक’ जरूर लिहा, पण पार्सल पट्ट्यांवरून आणि घसरगुंड्यांवरून जातात, तिथे ते कुणी वाचत नाही.

टीडी १६० चा प्लॅटर दोन भागांत असतो. आधी बाहेरचा उचला, मग पट्टा काढा, मग आतला लहान प्लॅटर सरळ वर ओढा. तो तेलात बसलेला असतो, त्यामुळे आत धरून ठेवल्यासारखा हळूहळू येतो. घाई करू नका. त्याची दांडी कुठेही टेकू न देता स्वच्छ कापडात गुंडाळा. बेअरिंगमध्ये तेल राहतं, म्हणून टर्नटेबल आडवा-तिरपा करायचा असेल तर आधी ते टिपून घ्या. तळाचा पातळ फळा स्क्रूंवर असतो. तो उघडून आतला लोंबता भाग हलणार नाही असे फोमचे तुकडे सारा.

टोनआर्मचं मागचं वजन काढून वेगळं बांधा. सुईला टोपी लावा, हेडशेल (सुई बसवलेलं आर्मचं पुढचं टोक) निघत असेल तर तेही काढा. आर्म त्याच्या टेकूला मऊ दोऱ्याने बांधा. रबरबँड नको, तो चिकटून बसतो.

अ‍ॅम्पचं दुखणं वेगळं, तिथे ट्रान्सफॉर्मर जड. खोका पडला की पत्र्याची चेसिस वाकते, कधी ट्रान्सफॉर्मर स्क्रूसकट उपटून येतो. व्हॉल्व्ह काढा, कुठला कुठल्या सॉकेटमधला ते कागदावर लिहा, एकेक वेगळा गुंडाळा. अ‍ॅम्पच्या पायांचे स्क्रू निघत असतील तर त्याच भोकांतून तो प्लायवूडच्या फळीवर आवळा. मग आतला खोका, चहूबाजूंनी किमान ५ सेंटिमीटर कडक फोम, मग बाहेरचा जाड खोका. जड वस्तूखाली बबल फुटतात, थर्माकोलचे मणी बाजूला सरतात आणि वस्तू खोक्याच्या तळाला टेकते. पॉलिशवर बबल रॅप थेट लावलात तर गोल डाग पडतात, आधी कागद घाला.

टर्नटेबल आणि प्लॅटर एका खोक्यात ठेवलेच तर मध्ये फोमची भक्कम भिंत हवी. मी असतो तर दोन खोके केले असते.

मंद्रसप्तक
तारसोल्डर, मनापासून आभार. आज आतला प्लॅटर काढला. खरंच, कुणीतरी खालून ओढतंय असं वाटत होतं. दांडीच्या टोकाला तेलाचा एकच थेंब लोंबत राहिला, सोनेरी, एकदम स्वच्छ. आणि तळाचा फळा उघडला तर आतल्या बाजूला पेन्सिलीने बाबांच्या अक्षरात तारखा, एकाखाली एक. तेल बदलल्याच्या असणार. शेवटची त्यांच्या आजारपणाच्या आधीची आहे. फोम सारताना ती बाजू घासली जाईल का?

तारसोल्डर
घासली जाईल. साधा कोरा कागद कापून चारही कडांना कागदी टेप लावा आणि फोम त्यावर येऊ द्या, अक्षरांवर टेप नको. खोका पोहोचल्यावर भावाला सांगा, रात्रभर तसाच खोलीत राहू दे. थंडीतून आलेल्या यंत्रात दव धरतं. व्हॉल्व्ह कागदाबरहुकूम बसवून, स्पीकर जोडल्याशिवाय अ‍ॅम्प चालू करायचा नाही, नाहीतर आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो. आणि नवं तेल घातलं की पुढची तारीख त्यालाच लिहू द्या.