मदत हवी आहे: मोंटानात वसंतातली काळ्या अस्वलाची शिकार, पिल्लांची मादी आणि ग्रिझली लांबून ओळखायची कशी?

नमस्कार मंडळी,

मी मिझुलाला राहतो, मोंटानाच्या पश्चिमेला. मूळचा चंद्रपूर जिल्ह्यातला. गेली चार वर्षं शेजारच्या आजोबांबरोबर हरीण आणि एल्कच्या शिकारीला जातोय. घरात वर्षभर तेच मटण असतं. यंदा अस्वलाचा परवाना पुन्हा घेतलाय. हंगाम १५ एप्रिलला उघडतो. आजोबांचा गुडघा नुकताच बदललाय, त्यामुळे ते डोंगर चढू शकणार नाहीत. मी आणि ऑफिसातला एक मित्र असे दोघंच जाणार आहोत. म्हणून हा धागा.

नेमकं काय विचारायचंय ते कळावं म्हणून आधी गेल्या मे महिन्यातली गोष्ट सांगतो.

फाटक लावून बंद केलेल्या एका जुन्या लाकूडतोडीच्या रस्त्याने आम्ही तीनेक मैल आत चालत गेलो होतो. गाड्या बंद झाल्या की असल्या रस्त्यांवर गवत आणि क्लोव्हर माजतं, आणि गुहेतून बाहेर पडलेलं अस्वल आधी तिथेच चरायला येतं. संध्याकाळचे सव्वाआठ वाजले असतील, इकडे मेमध्ये तेव्हाही चांगला उजेड असतो. वळणापलीकडे शंभरेक पावलांवर एक काळं अस्वल, एकटंच, गाईसारखं मान खाली घालून चरत होतं. वारा आमच्या तोंडावर. मी सॅक खाली ठेवली, तिच्यावर रायफल टेकवली, सेफ्टी काढली. कातडं तुकतुकीत, आडवं उभं, सगळं जुळून आलं होतं. आजोबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि हळूच म्हणाले, "थांब."

आम्ही थांबलो. दहा-बारा मिनिटं गेली असतील. मग खोबरं खवताना येतो तसा खरखर आवाज आला. रस्त्याच्या कडेच्या पाँडरोसा पाइनवरून दोन पिल्लं उलटी, मागच्या पायांनी चाचपत खाली उतरत होती. बोक्याएवढी असतील. खाली आली ती थेट तिच्या पोटाशी.

आम्ही तसेच मागे मागे सरकत निघून आलो. फाटकापर्यंत माझे हात थरथरत होते. पिल्लं सोबत असलेली मादी मारणं इथे बेकायदा आहे हे मला पाठ होतं, परीक्षेतही लिहिलं होतं. पण आजोबांचा हात नसता तर त्या क्षणी मला ती मादी आहे हेच कळलं नसतं. यंदा तो हात नसणार.

कायदेशीर तयारी झालीय. हंटर एज्युकेशनचा कोर्स केलाय (१ जानेवारी १९८५ नंतर जन्मलेल्यांना तो सक्तीचा आहे). अस्वल ओळखण्याची ऑनलाइन चाचणीही दिलीय, ती पास झाल्याशिवाय इथे काळ्या अस्वलाचा परवाना देत नाहीत. अस्वलासाठी आमिष टाकायला मोंटानात बंदी आहे, त्यामुळे सगळा भर चालणं आणि दुर्बिणीतून डोंगर न्याहाळणं यावरच. काही विभागांत ठरावीक माद्या मारल्या गेल्या की हंगाम मध्येच बंद करतात, म्हणून निघायच्या आधी ती माहिती रोज बघायची आहे. मित्र एच-१बी व्हिसावर आहे. अशा व्हिसावर बंदूक जवळ बाळगायला केंद्रीय कायद्याने मनाई आहे, पण शिकारीचा वैध परवाना असला तर सूट मिळते. त्याने परवाना काढलाय, तरी आमचं ठरलंय की रायफल एकच, माझी. त्याच्याकडे दुर्बीण आणि बेअर स्प्रे. (इथले कोणी नवखे असतील तर हा नियम नीट वाचा. मित्राच्या बंदुकीने सहज एकदा नेम धरून बघायला जाऊन लोक अडचणीत येऊ शकतात.)

आता प्रश्न.

पहिला आणि माझ्यासाठी सगळ्यात मोठा: एकटं दिसणारं अस्वल नर आहे की मादी, आणि मादी असेल तर पिल्लं झाडावर आहेत का, हे तुम्ही कसं ठरवता? किती वेळ बघत बसता? पुस्तकातली लक्षणं माहीत आहेत. प्रत्यक्ष डोंगरावर कोणतं लक्षण खरंच दिसतं, ते सांगा.

दुसरा ग्रिझलीचा, म्हणजे इकडच्या मोठ्या तपकिरी अस्वलाचा, ज्याची शिकार चालत नाही. रंगावर जायचं नाही हे पक्कं कळलंय, इकडची 'काळी' अस्वलं तपकिरी, दालचिनी रंगाची, अगदी पिवळसरही असतात. खांद्यावरचा उंचवटा, खोलगट चेहरा, आखूड गोल कान, लांब नखं ही ग्रिझलीची खूण. पण मान खाली घातलेल्या काळ्या अस्वलाचाही खांदा वर आलेला दिसतो, आणि गवतात नखं दिसत नाहीत. ग्रिझलीला इथे १९७५ पासून संरक्षण आहे. "आमच्या डोंगरात ग्रिझली नाहीच" असं म्हणणारे भेटतात, त्यांच्यावर मी विसंबत नाही. २००७ मध्ये इडाहोच्या बाजूला केली क्रीकच्या परिसरात, जिथे कित्येक दशकं ग्रिझलीची नोंद नव्हती, तिथे काळं अस्वल समजून ग्रिझली मारली गेली. आणि २०१८ च्या ऑक्टोबरात स्टीव्हन्सव्हिलजवळ, म्हणजे माझ्या घरापासून तासाभराच्याही आत, गोल्फच्या मैदानावर ग्रिझली पकडली होती.

तिसरा मटणाचा. मे महिन्यात आई येतेय. ती माळकरी. घरात मटण शिजतं याला तिची हरकत नसते, पण अस्वलाच्या मांसातून कृमी होतात असं ऐकून तिला काळजी लागलीय. महिनाभर डीप फ्रीझरमध्ये ठेवलं तर चालेल ना?

अस्वल का मारायचं, हेही कोणीतरी विचारेल, आणि विचारावं. लहानपणी चैत्रात आजीबरोबर पहाटे मोहफुलं वेचायला जायचो. त्याच फुलांसाठी अस्वलही यायचं. आजी झाडाखाली जायच्या आधी लांब थांबून खाकरायची, मग थोडं थांबायची, मगच पुढे. तिकडे अस्वलाला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे आणि ते असायलाच हवं. इकडचं काळं अस्वल वेगळी जात आहे, संख्येने भरपूर आहे, आणि मी ते खाण्यासाठी मारणार आहे. पण चुकीचं अस्वल मारायचं नाही, एवढं मला हवंय.

जाणकारांनी सविस्तर लिहावं.

प्रतिसाद १ (कॅमलूप्स, ब्रिटिश कोलंबिया)

दादा, तुमच्या आजोबांनी एका हाताने तुम्हाला सगळं शिकवलंय. मी बारा वसंत अस्वलामागे घालवलेत, त्यातून जमेल तेवढं सांगतो.

आधी तारीख. गुहेतून सगळ्यात आधी मोठे नर बाहेर पडतात आणि सगळ्यात शेवटी त्या वर्षीची पिल्लं असलेल्या माद्या. पिल्लं जानेवारीत गुहेतच जन्मतात, त्यांना चालता यायला वेळ लागतो. म्हणून एप्रिलअखेर ते मेचा पहिला आठवडा एवढ्यातच जा. अस्वलं कमी दिसतील, वरच्या रस्त्यांवर बर्फ असेल, पण दिसलेला मोठा नर असण्याची शक्यता बरीच जास्त. मेच्या शेवटी माज सुरू होतो, तेव्हा नर दिवसाढवळ्या माद्यांच्या मागे हिंडतात आणि सहज दिसतात, म्हणून लोक तेव्हा जातात. पण तोवर पिल्लांच्या माद्याही त्याच गवतावर आलेल्या असतात. आणि झाडाला अंग घासून कातडंही खराब व्हायला लागलेलं असतं.

वेळ म्हणाल तर माझा नियम अर्धा तास. त्यातली निम्मी मिनिटं अस्वलाकडे बघायचंच नाही, आजूबाजूची झाडं बुंध्यापासून शेंड्यापर्यंत दुर्बिणीने बघायची. मादी पिल्लांना मोठ्या, खरबरीत सालीच्या झाडावर चढवते आणि आपण खाली चरते. ती मधूनमधून मान वर करून एकाच झाडाकडे बघत असेल तर तिथेच काहीतरी आहे असं धरा. अर्ध्या तासात अस्वल निघून गेलं तर जाऊ द्या. माझी निम्म्याहून जास्त तशीच गेलीत.

लक्षणांपैकी प्रत्यक्षात कामाला येतात कान. मोठ्या नराचं डोकं इतकं रुंद होतं की कान बारीक आणि बाजूला लावल्यासारखे वाटतात. मादीचे आणि तरण्या अस्वलाचे कान डोक्याच्या मानाने मोठे, उभे. दुसरं म्हणजे चाल. मोठा नर पुढचे पाय आत वळवून, खांदे हलवत, पैलवान आखाड्यात उतरावा तसा चालतो. अस्वल चालेपर्यंत थांबा. उभ्या अस्वलावरून मी कधीच ठरवत नाही. ग्रिझलीबद्दलही तेच: मान वर करून चालताना उंचवटा दिसतो का बघा. काळ्या अस्वलाचा सगळ्यात उंच भाग पाठीच्या मध्यावर किंवा मागे दिसतो, ग्रिझलीचा खांद्यावर. आणि चेहरा बाजूने दिसेपर्यंत बोट ट्रिगरवर जाऊच द्यायचं नाही. आमच्याकडे २०१७ मध्ये ग्रिझलीची शिकार बंद झाली, तेव्हापासून ही शिस्त आणखी घट्ट झालीय.

वारा विसरू नका. सकाळी ऊन तापलं की हवा डोंगरावर चढते, संध्याकाळी घळीतून खाली उतरते. संध्याकाळी अस्वलाच्या वरच्या अंगाला बसलात तर तुमचा वास सरळ त्याच्याकडे जाणार. दक्षिणेकडे तोंड असलेले उतार आणि हिमलोटांनी मोकळ्या झालेल्या घळी समोरच्या डोंगरावरून बघा, त्यांच्यावर चढून नाही.

प्रतिसाद २ (पुणे)

मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते. शिकारीतलं मला काही कळत नाही, पण मटणाचं उत्तर तातडीने देते: नाही, फ्रीझरवर अजिबात विसंबू नका. त्या कृमीचं नाव ट्रिकिनेला. त्याच्या अळ्या स्नायूंत गुंडाळी करून बसतात. डुकरातली जात गोठवून मरते, पण थंड प्रदेशातल्या अस्वलांतल्या काही जाती गोठवूनही जगतात. २०२२ मध्ये साउथ डकोटातल्या एका कौटुंबिक जेवणात सस्कॅचेवानहून आणलेल्या काळ्या अस्वलाचे कबाब झाले होते. मांस ४५ दिवस गोठवलेलं होतं. तपासात सहा जण बाधित निघाले, आणि त्यातल्या दोघांनी मांस खाल्लंच नव्हतं, फक्त त्याच्यासोबत भाजलेल्या भाज्या खाल्ल्या होत्या. तुमच्या आईच्या दृष्टीने हीच गोष्ट सगळ्यात महत्त्वाची.

उपाय सोपा आहे आणि तो आपल्या ओट्यावरच आहे. प्रेशर कुकर. आतलं तापमान शंभर अंशांच्या वर जातं. छोटे तुकडे करा, रस्सा करा, भरपूर शिट्ट्या होऊ द्या. कबाब, स्टेक, अर्धवट भाजलेलं काही नको. मांसाच्या मधोमध निदान ७४ अंश सेल्सिअस हवेत, रंगावरून ओळखायला जाऊ नका. विळी, पाट, पातेलं, पळी, भांडी घासायची घासणीसुद्धा आईंच्या स्वयंपाकापासून वेगळी ठेवा.

प्रतिसाद ३ (नागपूर)

वाचून वाईट वाटलं, खरं सांगते. तुम्ही प्रामाणिकपणे लिहिलंय म्हणून विचारते, वसंतातच का? शरदात पिल्लं मोठी झालेली असतात. कोलोरॅडोत १९९२ मध्ये लोकांनी मतदान करून वसंतातली शिकार बंद केली, वॉशिंग्टन राज्यात २०२२ मध्ये वन्यजीव आयोगाने बंद केली. त्यांना काहीतरी दिसलं असेलच ना? आई मेली तर मेमधलं पिल्लू जगत नाही.

धागाकर्ता

तिघांचेही मनापासून आभार.

ताई, तुमचा प्रश्न मी टाळत नाही. वसंतात जाण्याचं माझं कारण असं की शरदात माझा सगळा वेळ एल्कमध्ये जातो, आणि वसंतात डोंगर उघडे असतात, अस्वलाला तासभर बघत बसता येतं. शरदात झुडपांत ते क्षणभर दिसतं आणि निर्णय घाईत होतो. पण हे कारण पिल्लांपेक्षा मोठं नाही, तुमचं बरोबर आहे. म्हणून कॅमलूप्सच्या दादांचं ऐकून मी ७ मेनंतर जाणारच नाही, इथला हंगाम पुढे चालू असला तरी. अर्ध्या तासाचा नियम मित्राच्या हातात दिलाय. घड्याळ त्याच्याकडे, आणि तो "हो" म्हणाल्याशिवाय सेफ्टी निघणार नाही. मादी वाटली तर पिल्लं दिसोत न दिसोत, गोळी नाही.

आईला कुकरचं सांगितलं, तिला पटलं. नवीन कुकर ती येतानाच घेऊन येणार आहे, मटणासाठी वेगळा.

काल रायफल घरी ठेवून आम्ही दोघं त्याच रस्त्यावर जाऊन आलो. दोन मैलांनंतर गुडघाभर बर्फ आहे, पण उन्हाच्या बाजूला गवत बोटभर वर आलंय. मित्राच्या मानेवर गोचीड सापडली. रॉकी माउंटन स्पॉटेड फीव्हर, म्हणजे या डोंगरांच्याच नावाचा गोचीडताप, पसरवणारी हीच गोचीड, म्हणून आता दर तासाला एकमेकांची मान आणि केस तपासायचे ठरलंय.

ओढ्याजवळच्या चिखलात पुढच्या पंजाचा एक ताजा ठसा मिळाला. आजोबांनी शिकवलं होतं तसं केलं. सगळ्यात मोठ्या बोटाच्या तळापासून पंज्याच्या गादीच्या वरच्या कडेला टेकवून गवताची एक सरळ काडी आडवी ठेवली. सगळ्यात छोटं बोट काडीच्या वर राहिलं तर ग्रिझली, निम्म्याहून जास्त खाली आलं तर काळं अस्वल. दोघंही चिखलात गुडघे टेकून बराच वेळ बघत होतो. छोटं बोट काडीच्या खाली होतं. नखांच्या खुणा बोटांना जवळजवळ चिकटलेल्या.

परतताना एक गोष्ट लक्षात आली, तिच्याबद्दल कोणाला अनुभव असेल तर लिहा. सकाळी घोट्याएवढा असलेला ओढा संध्याकाळी वरचा बर्फ वितळून मांडीपर्यंत आला होता. काठी टेकत, एकमेकांना धरून आलो. पाठीवर पन्नास-साठ पौंड मटण असताना अंधारात तो ओलांडायचा, की पलीकडेच रात्र काढून पहाटे पाणी उतरल्यावर यायचं? पलीकडे राहिलो तर मांस झाडाला टांगायचं किती उंच आणि तंबूपासून किती लांब?

बुधवारी पुन्हा जातोय. अजून रायफल नाही, फक्त दुर्बीण.