रविवार अंगावर येतो (जर्मनी, पहिलं सेमिस्टर)

खिडकीपाशी:
ऑक्टोबरात मास्टर्ससाठी जर्मनीत आले. आठवड्याला जेमतेम १६ तास लेक्चर, हजेरी नाही, मध्ये चाचण्या नाहीत. पहिल्या सोमवारी वेळापत्रकात १० होतं म्हणून पावणेदहाला जाऊन बसले. दहा वाजले तरी हॉलमध्ये मी आणि प्रोजेक्टर. इमारत चुकली समजून दहा मिनिटांनी उठले, तर दारातच मुलांचा लोंढा आत येत होता. सव्वादहाला प्राध्यापक आले. ना कुणाची धावपळ, ना कुणी सॉरी.

रविवार तर अंगावरच येतो. दुकानं बंद, रस्त्यावर चिटपाखरू नाही, आणि आता डिसेंबरात चार वाजताच अंधार. परवाच्या रविवारी खोली आवरून रिकाम्या बाटल्या काच टाकायच्या सार्वजनिक डब्यात टाकायला गेले, तर वरच्या मजल्यावरच्या आजी खिडकीतून बोट हलवून नको नको करायला लागल्या. कचरासुद्धा टाकायचा नाही?

प्राध्यापकांना मेल केली त्याला ११ दिवस झाले. दिवसभर काहीतरी बुडवतेय असं वाटत राहतं. मी आळशी होत चाललेय, की इथे असंच असतं?

चहाटळ:
वेळेपुढे 'सी. टी.' लिहिलंय का बघा. लॅटिन 'कुम टेम्पोरे', म्हणजे १५ मिनिटं उशिरा. 'एस. टी.' असेल तर ठोक्याला. (आपली एस. टी. नव्हे.)

तिसरं_सत्र:
संथ दिसतंय म्हणून फसू नका, मी फसलोय.

हिशोब करा. सेमिस्टरला ३० क्रेडिट, एका क्रेडिटमागे २५ ते ३० तास काम धरलेलं असतं. म्हणजे साडेसातशे ते नऊशे तास. त्यातली लेक्चरं साधारण अडीचशे. उरलेले तास तुमच्या नावावर आहेत, फक्त ते कुणी मागायला येत नाही. येते ती थेट शेवटची परीक्षा, आणि बऱ्याच विषयांत सगळे मार्क तिच्यावरच.

माझं घोडं वेगळ्याच ठिकाणी अडलं. सेमिस्टरची नोंदणी झाली म्हणजे परीक्षेचीही झाली, असं मी धरून चाललो होतो. ती पोर्टलवर प्रत्येक विषयाची आपली आपण करायची असते. जानेवारीत कळलं तोवर मुदत उलटून गेली होती. ऑफिसातल्या बाई अगदी सौजन्याने म्हणाल्या, पुढच्या खेपेला. एक विषय सहा महिने लांबला. ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

आता मी सोमवार ते शुक्रवार नऊ ते पाच लायब्ररीत बसतो, नोकरीला गेल्यासारखा. काम असो नसो. पहिले दोन आठवडे नुसता खिडकीबाहेर बघत होतो, तेही चाललं. आणि मेलची वाट बघू नका. प्राध्यापकांची भेटायची वेळ ठरलेली असते, ती 'श्प्रेखश्टुंडे'. त्या वेळेला गाठा. मेलवर मौनी असलेले माझे गाइड समोर बसल्यावर ४० मिनिटं बोलत होते.

जुनी_सायकल:
बाटल्यांचं म्हणाल तर आजी बरोबर आहेत. काचेच्या आवाजामुळे रविवारी मनाई असते, डब्यावर वेळा छापलेल्या असतात. रविवारची सुट्टी इथे थेट संविधानात आहे. १९१९च्या वायमार संविधानातलं कलम १३९, १९४९च्या मूलभूत कायद्यात, म्हणजे इथल्या आजच्या संविधानात, जसंच्या तसं घेतलंय. त्यामुळे भांडून उपयोग नाही! किराणा शनिवारी उरकायचा. अडलंच तर मोठ्या स्टेशनातली दुकानं उघडी असतात. म्युझियमं रविवारी चालू असतात. मी तर नुसती ऊब असते म्हणून जायचे.

आणि आजींना एकदा जिन्यात हॅलो म्हणा. माझ्या शेजारच्या आजोबांनी पुढे सायकलची चेन बसवायला शिकवलं, पण शनिवारी.

खिडकीपाशी:
वेळेपुढे खरंच 'सी. टी.' आहे, इतकं बारीक की भिंग लागेल.
पोर्टल आत्ता उघडलं. मुदत गुरुवारी संपतेय!! चारपैकी तीन विषय नोंदवले, चौथा यादीतच दिसत नाहीये. तिसरं_सत्र, आहात का?

तिसरं_सत्र:
आहे. विषयाचं नाव नका शोधू, परीक्षेचा क्रमांक टाका.