गुडघ्याचं ऑपरेशन आणि मांडीतलं इंजेक्शन

बी-४०३: मंडळी, आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन गुरुवारी आहे. भूलतज्ज्ञ म्हणतात, कमरेत स्पायनल (कमरेखालचं अंग बधिर करणारं भुलीचं इंजेक्शन) देऊच, शिवाय मांडीत नर्व्ह ब्लॉक (नस बधिर करणारं इंजेक्शन). एकदा टोचल्यावर परत कशाला? आई घाबरलीये.

ए-१०१ काका: घे म्हणावं बिनधास्त. माझे दोन्ही गुडघे बदललेत. पहिल्या खेपेला ब्लॉक नव्हता. स्पायनल उतरलं आणि रात्रभर नर्सला किती वाजले तेवढंच विचारत होतो. दुसऱ्या खेपेला ब्लॉक होता, चक्क झोपलो.

सी-२०२ डॉक्टरताई: स्पायनल काही तासांत उतरतं, खरं दुखणं त्यानंतर सुरू होतं. ब्लॉकमध्ये सोनोग्राफीवर बघत नसेभोवती औषध सोडतात. एका इंजेक्शनचा असर साधारण १२ ते २४ तास. बारीक नळी ठेवली तर दोन-तीन दिवसही चालतं.

डी-३०४: पण पाय लुळा पडतो ना?

सी-२०२ डॉक्टरताई: फेमोरल ब्लॉकमध्ये, म्हणजे जांघेजवळ दिलेल्या ब्लॉकमध्ये, मांडीचा स्नायू ढिला पडतो, उभं राहताना गुडघा दगा देतो. म्हणून आता बऱ्याच ठिकाणी ॲडक्टर कॅनाल ब्लॉक, म्हणजे मांडीत जरा खाली, देतात. त्यात ताकद बरीचशी टिकते, फिजिओथेरपी लवकर सुरू करता येते. मात्र त्याने गुडघ्याची मागची बाजू बधिर होत नाही, तिथे वेगळं इंजेक्शन लागतं. @बी-४०३, कुठला ब्लॉक देणार ते विचारून घे.

ए-३०२ वहिनी: कुठलाही असो, एकटं उठू देऊ नका! आमच्या सासूबाई 'दुखतच नाही' म्हणत बाथरूमला निघाल्या होत्या. नशीब, दारातच धरलं.

डी-३०४: नस कायमची जाते असंही ऐकलंय.

सी-२०२ डॉक्टरताई: फार क्वचित. मुंग्या, बधिरपणा राहिला तरी बहुतेकांचा काही दिवसांत किंवा आठवड्यांत जातो. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर भूलतज्ज्ञांना आधीच सांगा. ती मनाने बंद करू नका. आणि बधिर पायावर गरम पिशवी अजिबात नको. चटका बसला तरी कळत नाही.

ए-१०१ काका: माझा मूर्खपणाही सांगतो. दुखत नव्हतं म्हणून रात्रीची गोळी उशीखाली सारली. पहाटे ब्लॉक उतरला आणि एकदम जीव कासावीस. मग गोळी घेतली, पण ती लागू पडेपर्यंत तारे दिसले.

सी-२०२ डॉक्टरताई: काका, हेच सगळ्यांचं होतं. डॉक्टरांनी लिहिलेल्या गोळ्या ब्लॉक उतरायच्या आधीपासून, वेळेवर घ्यायच्या. दुखायची वाट बघायची नाही. आणि @बी-४०३, दुखणं शून्य होईल असं आईंना सांगू नकोस हं. व्यायाम करण्याइतपत आटोक्यात राहिलं तरी पुष्कळ.

बी-४०३: आभार ताई, काका. आईला सगळं वाचून दाखवलं. ती विचारतेय, गोळी उशीखाली का ठेवली, पाणी नव्हतं का?

ए-१०१ काका: पाणी होतं. समोरच्या खाटेवरचे गृहस्थ बिनगोळीचे झोपले होते, म्हटलं आपण का मागे राहा!