आईची सांभारवडी हुबेहूब जमायलाच हवी का?

धंतोलीची लेक: आई जाऊन सहा वर्षं झाली. थंडीत सांभार, म्हणजे कोथिंबीर, स्वस्त झाला की मी वड्या करते. कधी पारी जाड होते, कधी खसखस जास्त पडते, कधी आतून चिंचेचं पाणी लावायचंच राहतं. भाऊ एक घास खातो नि म्हणतो, "तशी नाही." यंदा मी तो हट्ट सोडला. जिच्याशी तुलना करतो, ती वडी आता आमच्या दोघांच्याही आठवणीत जशीच्या तशी उरलेली नाही. बार्टलेट या मानसशास्त्रज्ञानं केंब्रिजमध्ये लोकांना एक परकी लोककथा वाचायला दिली आणि काही काळानं आठवून लिहायला लावली. अनोळखी तपशील गळाले, त्यांच्या जागी ओळखीचे आले (१९३२ साली त्यानं हे छापलं). आम्ही बहीणभाऊ तेच करतोय.

इतवारीचा पोट्टा: ताई, नाही पटत. आठवण कच्ची असते हे आपल्या लोकांना ठाऊक होतं, म्हणून तर वेदमंत्र पाठ करायची घनपाठाची रीत आली. दोन शब्द सुलटे, मग उलटे, मग तिसरा जोडून सुलटे, उलटे, पुन्हा सुलटे. चुकीला लपायला जागाच नाही. माझ्या आजीचा मसाला तिच्यासोबत गेला. "अंदाजानं घाल" म्हणायची, आणि आम्ही कोणी काटा घेऊन बसलो नाही. याची खंत मला आजही आहे.

धंतोलीची लेक: मंत्रातला शब्द बदलत नाही रे. सांभार बदलतो. रशियात शेरेशेव्हस्की नावाचा माणूस होता, लुरिया यांनी त्याचा अनेक वर्षं अभ्यास केला. लांबलचक याद्या त्याला वर्षांनंतरही पाठ असत. पण ओळखीचे चेहरे लक्षात ठेवणं त्याला जड जाई, कारण चेहरा दर वेळी वेगळा दिसे. मला तसं आईला आठवायचं नाही.

महालातली काकू: पहिल्या थंडीतला सांभार कोवळा, पुढे निबर. तुझ्या आईची वडी तरी दर खेपेला एकसारखी कुठून व्हायची बाप्पा! पण माप लिहून ठेवण्यात पोराचं बरोबर आहे.

इतवारीचा पोट्टा: तेच म्हणतोय, काकू. ताई, तो स्वाद चाखलेला भाऊ अजून आहे. त्याला समोर बसवा, वही घ्या.

धंतोलीची लेक: लिहिते. दोन वाट्या बेसन, अर्धी वाटी कणीक. पण वर नाव माझं घालीन, आईचं नाही.