पुस्तकाच्या दुकानाला विचित्र नाव ठेवलंय कधी? सांगा किस्से

माळा आवरताना आज जुनी पाटी हाताला लागली. 'कसर : जुनी पुस्तकं'. अप्पा बळवंत चौकापासून जरा आत, जिन्याखालची जागा होती. पुस्तकाला लागते ती कसर, आणि तुमच्या संग्रहात राहिलेली कसर आम्ही भरून काढू, अशी माझी कोटी. सासरे म्हणाले, "धंद्याची सुरुवातच कमीपणापासून?" पहिला फोन आला, "ढेकणांचंही करता का?" तीन वर्षांत आटोपलं. नावामुळे नाही हो, भाड्यामुळे. पाटी टाकवत नाहीये. तुमचं काय?

---

ढेकूण!! हसून हसून पुरेवाट

---

आमचं 'बाड'. पेंटरने वर टिंब दिलं, झालं 'बांड'. खोडायचे वेगळे दीडशे मागितले. राहू दिलं. अजून गावात आम्ही बांडवालेच.

---

मुंबईचं स्ट्रँड आठवलं. १९४८ साली शानभागांनी स्ट्रँड थिएटरातल्या छोट्या स्टॉलवर सुरू केलं, म्हणून ते नाव. २०१८ ला बंद झालं. कोटी नाही, काही नाही, तरी सत्तर वर्षं चाललं. (बंद व्हायच्या आठवड्यात गेले होते, रडूच आलं.)

---

मी 'पोथी' ठेवलं. विकायची होती लहान मुलांची चित्रांची पुस्तकं. श्रावण लागला की लोक सत्यनारायणाची मागायचे. शेवटी ठेवली. तीच खपली.

---

माझं 'वेल रेड'. इंग्रजीत लाल आणि वाचलेलं, दोन्ही. राज्याच्या दुकानांच्या कायद्यात २०२२ ला दुरुस्ती झाली, त्यानंतर छोट्या दुकानांनाही मराठी पाटी आली, देवनागरी अक्षरं दुसऱ्या लिपीपेक्षा लहान चालत नाहीत. देवनागरीत कोटी मेली. शेजारचे काका विचारतात, रोपं कधी येणार? त्याच दुरुस्तीत दारूच्या दुकानांना गडकिल्ल्यांची नावं बंद झाली, म्हणजे तिकडे आमच्याहून मोठे कल्पक लोक होते.

---

ताई, कसरीवर उपाय सांगा ना खरंच. आजोबांची ज्ञानेश्वरी चाळण झालीय.

---

वेखंड ठेवा पुरचुंडीत. डांबरगोळ्या नको, वास जात नाही.

---

कसरवाल्या ताई, तो जिना डोकं आपटणारा होता का? मी तिथून घेतलीत पुस्तकं बहुतेक!

---

तोच! सगळ्यांनी आपटलंय. टेंगूळ आलं की मी दहा रुपये कमी करायचे.

---

वेखंड कुठे मिळेल पण?

---

मंडईजवळ, काष्ठौषधीवाल्यांकडे. कुकर लागलाय, नंतर लिहिते.