फीचा मुद्दा राहिलाच की
ऑस्ट्रेलियात मुलांना समाजशास्त्रात रसच उरला नाही म्हणून विद्यापीठांतले त्याचे विभाग आकसतायत असं म्हटलं जातं, ते मला अर्धंच पटतं. 2021 पासून तिथल्या सरकारने 'जॉब-रेडी ग्रॅज्युएट्स' (नोकरीसाठी तयार पदवीधर) योजनेत समाजशास्त्राची वर्षाची फी साधारण 6,800 डॉलरवरून एकदम 14,500 वर नेली आणि शिकवण्याच्या खर्चातला सरकारचा स्वतःचा वाटा ठेवला फक्त 1,100, नर्सिंगची फी मात्र 3,950 वर आणली. शिवाय ही फी डिग्रीवर नाही तर विषयागणिक लागते, म्हणजे वर्षाला आठ विषय धरले तर नर्सिंगच्या मुलीला तिच्या एका विषयाचे पाचशेच्या आत पडायचे आणि तिनेच समाजशास्त्राचा एक विषय घेतला की अठराशेच्या वर! मग ती कशाला घेईल? आजारपण आणि गरिबीचं नातं खरं तर तिलाच आधी कळायला हवं.

सरकारनेच उच्च शिक्षणाचा आढावा घ्यायला लावलेल्या 2024 च्या युनिव्हर्सिटीज अकॉर्ड अहवालाने ही फीची रचना बदला असं स्पष्ट सांगितलं. 2025 मध्ये सरकारने जुनी विद्यार्थी-कर्जं 20 टक्क्यांनी कमी केली, चांगलंच झालं, पण नव्याने प्रवेश घेणाऱ्याला त्याचा काय उपयोग? रस नाही म्हणण्याआधी हा हिशोब बघायला हवा ना.