म्हशी तळ्यावर नेऊ नका म्हणणाऱ्यांना

करवीरची_धार:
काल इथं एकानं लिहिलं, ‘म्हशी तळ्यावर नेणं बंद करा, बारमाही दावणीला बांधा, रोगराई संपेल.’ वाचून डोकं तापलं. म्हशीला घामाच्या ग्रंथी कमी, वर काळं कातडं. एप्रिलात पत्र्याखाली ती धापा टाकते, दूध आटतं, माज मुका जातो, म्हणजे आला तरी दिसत नाही. रोग आपणच आणतो, बाजारातून. नवी म्हैस टेम्पोतून उतरली की त्याच संध्याकाळी जुन्यांच्या शेजारी. ती २१ दिवस लांब बांधा, तिची धार शेवटी काढा. आमच्या कोल्हापुरात गंगावेशीच्या कट्ट्यावर गिऱ्हाइकासमोर धार काढतात, त्या म्हशीही कोंडायच्या का?

तीन_दावणी:
ते लिहिणारा मीच. माझ्याकडं वर्षभर नवं जनावर आलं नव्हतं. तळ्यात शेजारच्या वाडीची लाळ गाळणारी म्हैस बसलेली, आठवड्यात माझ्या गोठ्यात लाळ्या-खुरकूत, तोंडात नि खुरांत फोड आणणारा साथीचा रोग. मोठ्या म्हशी लंगडत सावरल्या. तीन रेडकं उभ्या-उभ्या गेली, तोंडात फोडसुद्धा नाही. डॉक्टर म्हणाले, लहानग्यांच्या थेट हृदयावर जातो हा रोग.

वगारीची_आई:
लस? २०१९ पासून सरकार फुकट टोचतंय, वर्षातून दोनदा.

तीन_दावणी:
एक फेरी चुकली. पेरणीचे दिवस होते.

वगारीची_आई:
मग तळ्याला कशाला नावं ठेवता? आणि त्या रेडकांना चीक किती पाजलात? पहिल्या काही तासांत पोटात गेला तरच उपयोग. आपल्याकडं वगार, म्हणजे मादी रेडकू, असेल तर पाजतात, रेडा असेल तर चीक खरवसाला. मग रेडकू मेलं की पेंढा भरून म्हशीपुढं उभं करायचं, नाहीतर पान्ह्यासाठी इंजेक्शन. गोठ्यातल्या हालांबद्दल बोलायचं तर इथून सुरुवात करा.

तबेला_गोरेगाव:
ताई, रेडा पाजून पोसायचा कुणी? चाऱ्याचं बिल तुम्ही भरणार? इंजेक्शनचं म्हणाल तर २०१८ मध्ये केंद्रानं खासगी कंपन्यांना ऑक्सिटोसिन बनवायला बंदी घातली, ती डिसेंबरात दिल्ली हायकोर्टानं उठवली. बाळंतिणींना तेच औषध लागतं.

वगारीची_आई:
बाळंतिणीला लागतं म्हणून तुम्ही रोज दोन वेळा म्हशीला टोचणार? परवडत नाही म्हणून उपाशी मारणं याला मी धंदा म्हणत नाही.

करवीरची_धार:
विषय कुठं गेला! पण ताईंचं चीकाचं खरं आहे, आमच्या घरातही तेच चालायचं. अजून एक सांगतो. म्हैस गाभडली, म्हणजे गर्भ पडला, आणि वडिलांनी उघड्या हातानं तिची वार (जार) ओढली. पुढं महिनोन् महिने ताप, सांधे धरले. रक्त तपासलं तेव्हा कळलं, ब्रुसेला, जनावराचा गर्भ पाडणारा नि माणसालाही लागणारा रोग. वगारी ४ ते ८ महिन्यांच्या असताना एकदा लस दिली असती तर म्हैस गाभडलीच नसती कदाचित. तळ्याचा काय संबंध?

तीन_दावणी:
वडिलांचं वाईट वाटलं. पण माझी रेडकं तळ्यामुळंच गेली. गावात साथ नसेल तेव्हा न्या, एवढंच मानतो.

करवीरची_धार:
साथीत मीही नेणार नाही. तेवढे दिवस दुपारी पाइपानं पाणी मारा, आणि दारात चुना फेकण्यापेक्षा धुण्याच्या सोड्याचं ४ टक्के पाणी ठेवा.

वगारीची_आई:
आणि रेडकू?

तबेला_गोरेगाव:
चीक पाजतो. पुढचं नाही सांगू शकत.